टंच

विट्याहून चौदा जण गेलो आम्ही,
सगळे गलाई. कुणी त्रिचूरचा, कुणी विजयवाड्याचा,
रेणावीच्या गुलाबरावाची चाळीस वर्षं गुवाहाटीत गेलेली.
बॅगांत शेंगदाण्याची चटणी, बाजरीची कडक भाकरी,
आणि तेजाबानं खाल्लेली बोटं.
विमानतळावरच्या मशीनला
आमचे ठसेच सापडेनात.

पिरॅमिडापाशी गुलाबराव कमरेवर हात ठेवून म्हणाला,
"आपल्या रेवणसिद्धाचा डोंगर काय ल्हान हाय व्हय?"
उंटवाल्याला वाटलं, भाव पाडतोय.
मी खाली बघत होतो.
टेंभूचं पाणी यायच्या आधी
आमचा माळ असाच तापायचा,
असाच चपलेतनं आत यायचा.

खरं तर मी सोनं बघायला गेलो होतो.

काचेपलीकडं त्याचा मुखवटा. राजा म्हणे,
गेला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचं पोर.
त्या वयात मी सेलमला एका जिन्याखाली
भट्टीपुढं बसून फुंकणी फुंकत होतो.
गाइडबाई देवांची नावं सांगत होती,
मी डोळ्यांनीच कसोटीवर घासून बघितलं.
चेहऱ्याचं जरा फिकं, डोईवरचं पिवळंजर्द.
वजन दहा किलोच्या आतबाहेर.
सवागी किती, मुशी किती, वेळ किती?
चाळीस मिनिटं. फार तर पन्नास.

मग मला माझे हात
खिशात घालावेसे वाटले.

माझ्याकडं आलेलं काहीच राहिलं नाही.
बिलवर, वाळे, थाळ्या, पोरीच्या कानातलं एकच फूल,
आत नाव कोरलेल्या अंगठ्या.
मला तमिळ वाचता यायचं नाही, तेवढंच बरं.
एक म्हातारी पैसे मोजून घेतल्यावरही उठेना.
वितळताना बघते, म्हणाली.
आधी कडा गेल्या, मग वेलबुट्टी,
मग गोल होतं ते गोल राहिलं नाही,
मुशीत नुसतं थरथरतं तांबडं पाणी.
"यातलं माझं कुठलं?" तिनं विचारलं.
त्या दिवशी मुशीत आणखी तिघांचं होतं.

गाइडबाई सांगत होती, बाकीच्या राजांचं
चोरांनी केव्हाच लांबवलं.
चोर न्हेतो, मी मनात म्हटलं, पण आटवतो कोण?
असेल तिथंही कुणी जिन्याखाली,
रात्री दार वाजलं की वजन विचारणारा,
नाव न विचारणारा.
या पोराच्या दारापर्यंत आमच्यातलं कुणी पोचलं नाही
म्हणून त्याला अजून नाक आहे, ओठ आहेत,
कानाच्या पाळीला भोक आहे.
गुलाबराव कानाशी लागला, "टंच किती असंल रं?"
मी म्हटलं, ठाऊक नाही.
पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

येताना बामच्या रिकाम्या डबीत वाळू आणली.
अनुसयेनं वास घेतला, बोटावर घेतली,
"एवढ्या लांबनं हेच?"

चार दिवस डबी फडताळात.
पाचव्या दिवशी मागच्या पडवीत जुनी भट्टी पेटवली,
कडेला चिरलेली मूस, चिमूटभर वाळू,
सवागी सढळ हातानं.
ती दळण निवडता निवडता बघत होती.
सत्याहत्तर साली दुकानाच्या पागडीसाठी
तिची बोरमाळ आटवली, तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती.
आल्यावर तिनं एकदा गळ्याला हात लावला,
विचारलं काहीच नाही.

निवल्यावर मूस उपडी केली.
वाटाण्याएवढी काच, हिरवट,
आत एक बुडबुडा अडकलेला.
तिनं ती पदरानं पुसली,
सुपातला गहू तसाच ठेवून उजेडाकडं धरली,
एक डोळा मिटून, अगदी माझ्यासारखी,
आणि विचारलं,
"टंच किती?"